सुखोईत 150 च गोळे, मग आपण कमी पडतो का?

प्रश्न : वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते म्हणून या विषयाची आवड. सुखोई-30 च्या तोफेला फक्त 150 गोळे असतात आणि एफ-16 ला 511, असं वाचलं. एवढा फरक का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : दादा, नुसता आकडा बघू नका, सगळे इथेच फसतात. वरणगावला रायफलची 5.56 ची गोळी बनते ना, तिचं उडून जाणारं टोक जेमतेम 4 ग्रॅमचं. सुखोईच्या 30 एमएम तोफेचा गोळा जवळपास 390 ग्रॅमचा आणि एफ-16 च्या 20 एमएम व्हल्कन तोफेचा साधारण 100 ग्रॅमचा, म्हणजे तुलना करायचीच तर सेकंदाला किती किलो माल समोर जातो त्याची करा. व्हल्कन मिनिटाला 6000 मारते, सेकंदाला 100 गोळे, झाले दहा किलो. सुखोईची जीएसएच-30-1 मिनिटाला 1500 ते 1800, म्हणजे सेकंदाला 25-30 गोळे, तेही दहा-साडेअकरा किलो! आणि सलग दाबून धरलं तर दोघींचा साठा पाच-सहा सेकंदांतच खलास, पण असं कोणी धरत नाही, पायलट अर्ध्या-एक सेकंदाचा बर्स्ट मारतो आणि सोडतो.

खरी कमाल वजनात आहे. सहा नळ्यांची व्हल्कन 110 किलोच्या आसपास, आपली एकनळी फक्त 46 किलो, शिवाय नळ्या फिरून स्पीड पकडायची भानगड नाही, पहिल्या गोळ्यापासून पूर्ण जोर. व्हल्कनचा फवारा मात्र दाट, त्यामुळे वळणाऱ्या विमानाला एखादा गोळा लागायचा चान्स तिचा जास्त, हे मान्य करायलाच हवं. राफेलला तर 125 च गोळे आहेत, पण रेट मिनिटाला 2500.

प्रश्न : मिसाईल असताना तोफ हवीच कशाला?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : अमेरिकेलाही हेच वाटलं होतं, म्हणून सुरुवातीचे एफ-4 फँटम तोफेशिवाय बनवले. व्हिएतनाममध्ये मिसाईल चुकायला लागल्या, शत्रू एकदम जवळ यायला लागला, आणि मग एफ-4ई मध्ये व्हल्कन बसवावी लागली. आपल्याकडे 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर हवाई दलाचे निर्मलजित सिंग सेखों पाकिस्तानच्या सेबर विमानांशी एकटे भिडले ते आपल्या नॅट विमानातल्या दोन 30 एमएम तोफांच्या जोरावरच, आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आजही तेजसमध्ये 23 एमएमची दुनळी तोफ आहेच.