सहाशेचं बिल आणि दहा लाखांची पॉलिसी

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४६, पाथर्डी फाट्याला फ्लॅट, त्यावर अजून २२ लाखांचं होम लोन, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहेत, बायको घरी शिवणकाम करते, मुलगा दहावीला. पत्र मोठं आहे, कामापुरतं देते:

"मॅडम, मला २०२२ पासून शुगर आहे, कंपनीच्या मेडिकलमध्ये निघाली. कॉलेज रोडला एका डॉक्टरांकडे जातो, तपासणी ७०० रुपये. मध्ये दोन अपॉइंटमेंट चुकल्या. पहिल्या वेळी ड्युटी संपवून निघालो आणि द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो, सिंहस्थाच्या कामांनी काय हाल आहेत तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या वेळी मुद्दामच गेलो नाही. आता परत फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणते आधी चुकलेल्या अपॉइंटमेंटचे ६०० भरा, नाहीतर वर्षाचं ५,५०० चं पॅकेज घ्या, त्यात आठ व्हिजिट आणि चुकली तरी चार्ज नाही. न तपासता पैसे घेणं कायद्यात बसतं का? पॅकेज घेऊ, का डॉक्टर बदलू? हे ६०० मेडिक्लेममधून मिळतील का? तसं मला डॉक्टरकडे जायची घाई नाही, कारण ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही तिघांची दहा लाखांची फ्लोटर (तिघांत मिळून एकच मेडिक्लेम) घेतली तेव्हा एजंटने (बायकोचा मावसभाऊच आहे) शुगर लिहिली नाही, तीन वर्षं होईपर्यंत कागद तयार करू नका म्हणाला, मग सगळं कव्हर होतं. त्याच्याकडेच तेव्हाच घेतलेली वर्षाला ७२,००० ची सेव्हिंग पॉलिसीपण आहे, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी साडेचौदा लाख, पैसे डबल गॅरंटीड."

विचारलंय त्याचं उत्तर आधी देऊन टाकते, ते सोपं आहे.

पॅकेज घेऊ नका. आठ व्हिजिटचे ७०० प्रमाणे ५,६०० होतात, पॅकेज ५,५०० ला, म्हणजे शंभर रुपये वाचवायला तुम्ही साडेपाच हजार आगाऊ देणार, आणि गेल्या वर्षी गेलात किती वेळा तर दोनदा. पुढच्या वर्षी शहाण्यासारखे चार वेळा गेलात तरी २,८०० होतात. मेडिक्लेममधून ६०० मिळणार नाहीत, साधी पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावर कामाला येते, ओपीडीची तपासणीसुद्धा त्यात बसत नाही आणि तुम्ही तर न झालेल्या तपासणीचे मागताय.

कायद्याचं म्हणाल तर असा चार्ज घेऊच नये असा काही वेगळा कायदा आपल्याकडे नाही. मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत, त्यात डॉक्टरांनी फी आणि बाकीचे चार्ज बोर्डावर लावावेत आणि उपचाराआधीच सांगावेत असं आहे. त्यामुळे बुकिंगचा मेसेज उघडून बघा, त्यात चुकल्यास ६०० लागतील असं लिहिलं असेल तर भांडायला जागा नाही. लिहिलं नसेल आणि बोर्डावरही नसेल तर शांतपणे सांगा की हे आधी कळवलं नव्हतं, पहिल्या वेळी बहुतेक जण सोडून देतात. हा वाद आपल्याकडेच आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये २०२२ ला ऋषी सुनक यांनी पक्षाच्या नेतेपदाच्या प्रचारात दहा पौंडांची टूम काढली होती आणि नंतर गुंडाळली, फ्रान्समध्ये २०२४ ला पंतप्रधानांनी पाच युरोचं जाहीर केलं, तिकडे त्याला ससा-कर म्हणतात कारण कुणाला ताटकळत ठेवून न येणं म्हणजे त्यांच्या भाषेत 'ससा ठेवणं'. मी स्वतः डॉक्टरांच्या बाजूने आहे हे सांगून टाकते. माझ्याकडे पूर्वी पैशाच्या सल्ल्याची पहिली भेट फुकट होती, शनिवारी अकराची वेळ घेऊन लोक मिसळ खायला जायचे आणि साडेबाराला 'मॅडम जरा लेट झालं' असा फोन. ५०० आगाऊ घ्यायला लागल्यापासून सगळे वेळेवर येतात.

झालं तुमच्या प्रश्नाचं. आता पत्राच्या शेवटच्या तीन ओळी, ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्यात.

तुमच्यावर हे ६०० कशामुळे आले? दुसऱ्या वेळी तुम्ही डॉक्टरकडे गेला नाहीत कारण कागद तयार होऊ नये. म्हणजे दहा लाखांची पॉलिसी घेतल्यामुळे तुम्ही उपचार बंद केलेत. असा इन्शुरन्स मी अजून पाहिला नव्हता.

मावसभाऊ 'तीन वर्षं' म्हणतोय ते त्याने दोन वेगळ्या गोष्टींची भेळ केलीये. हेल्थ इन्शुरन्समध्ये आधीपासून असलेल्या आजाराला वेटिंग पिरियड असतो, म्हणजे तेवढा काळ त्याचा क्लेम मिळत नाही, एप्रिल २०२४ पासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा केलाय, आधी चार होता. पण हा वेटिंग पिरियड तुम्ही फॉर्मवर जो आजार सांगितला त्याला. जो सांगितलाच नाही त्याची तीन वर्षं कुठून मोजणार? दुसरे तीन वर्षं आहेत ते लाइफ इन्शुरन्सचे, विमा कायद्याचं कलम ४५, लाइफ पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला ती कुठल्याच कारणाने वादात ओढता येत नाही. हेल्थला ते लागू नाही. हेल्थला जे आहे त्याला मोरेटोरियम म्हणतात आणि ते ६० महिने, म्हणजे पाच वर्षं, आणि त्यानंतरही कंपनीने फसवणूक सिद्ध केली तर क्लेम नाकारता येतो.

आता तुमच्या डोक्यात आलंच असेल की चला मग दीड वर्ष झालंय, अजून साडेतीन वर्षं गप्प बसू. साडेतीन वर्षं? तुमचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) मागच्या मार्चला ८.९ होतं असं तुम्हीच पत्रात लिहिलंय आणि त्यानंतर परत केलेलं नाही. मी डॉक्टर नाही, पण सातच्या आत ठेवा असं साधारण सांगतात एवढं मलाही माहीत आहे. शुगरला तुमच्या पॉलिसीची तारीख कोण सांगणार?

आणि कागद तयार होऊ नये म्हणताय तो कधीच तयार झालाय. कंपनीच्या २०२२ च्या मेडिकलचा रिपोर्ट आहे, लॅबमध्ये तुमच्या मोबाईल नंबरवर सगळे रिपोर्ट आहेत, मेडिकलवाल्याची बिलं आहेत. तुम्ही क्लिनिकच्या बिलाचा फोटो पाठवलात त्यात खाली बघा, 'मिस्ड अपॉइंटमेंट चार्ज ६००, डायबिटीस फॉलोअप', तुमचं नाव, वय आणि तारखेसकट. कागद टाळायला गेला नाहीत आणि न गेल्याचाच कागद झाला.

क्लेमच्या वेळी काय होतं ते सांगते, कारण एजंट हे कधी सांगत नाही. रात्री छातीत दुखलं म्हणून बायको तुम्हाला घेऊन जाते, कॅज्युअल्टीत ड्युटीवरचा तरुण डॉक्टर विचारतो, 'बीपी-शुगर आहे का, किती वर्षांपासून?' ती घाबरलेली असते, ती खरं सांगते, 'शुगर आहे, चार वर्षं झाली.' तो केसपेपरवर लिहितो. तोच केसपेपर कॅशलेसच्या फॉर्मसोबत टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेकडे जातो, तिथे पॉलिसीची तारीख आणि 'चार वर्षं' शेजारी शेजारी ठेवायला एका माणसाला दोन मिनिटं लागतात. मग क्वेरी येते, पहिल्या तपासणीचा कागद द्या. मग कॅशलेस नामंजूर. समजा चार लाखांचं बिल झालं, ते रात्रीतून तुमच्या एफडीतून, मुलाच्या अ‍ॅडमिशनच्या पैशातून. आणि कोर्टात जाऊन बघू म्हणाल तर २००९ ला सुप्रीम कोर्टापर्यंत असंच एक मेडिक्लेमचं प्रकरण गेलं होतं, जुना डायबिटीस आणि किडनीचा त्रास फॉर्मवर सांगितला नव्हता, कोर्टाने कंपनीचंच बरोबर धरलं.

तुम्ही लिहिलंय की पॉलिसीच्या आधी विमा कंपनीतून एका बाईंचा फोन आला होता, 'काही आजार आहे का', तेव्हा मावसभाऊ समोर बसून मान हलवत होता आणि तुम्ही 'नाही' म्हणालात. तो फोन रेकॉर्ड होतो हो. फॉर्म एजंटने भरला, मला माहीत नव्हतं, असं म्हणायची वाट तिथे बंद झाली. त्याचं कमिशन दीड वर्षापूर्वीच त्याच्या खात्यात पडलंय, आवाज मात्र तुमचा आहे. शिवाय पॉलिसी फ्लोटर, म्हणजे कंपनीने रद्द केली तर बायको आणि मुलगाही उघड्यावर.

मग करायचं काय? खरं सांगायचं, आत्ता, धडधाकट असताना. पण घाईत उद्याच मेल टाकू नका. आधी तुमच्या एचआरला विचारा कंपनीची ग्रुप पॉलिसी किती लाखांची आहे आणि आधीचे आजार त्यात पहिल्या दिवसापासून आहेत का, बहुतेक ग्रुप पॉलिसीत असतात. तुम्ही तीन लाखांची 'फालतू कंपनीची पॉलिसी' असा तिचा उल्लेख केलाय, आज तुमच्या शुगरसाठी कामाची तीच एक आहे. मग दोन-तीन कंपन्यांकडून शुगर सांगून कोटेशन घ्या, शुगरवाल्यांना पॉलिसी मिळतात, आता तर खास त्यांच्यासाठीच्याही आहेत. हे हातात आलं की आत्ताच्या कंपनीला स्वतः मेल करा, मावसभावाच्या हाती काही देऊ नका. पॉलिसी नंबर, २०२२ पासून डायबिटीस, फॉर्ममध्ये नोंद राहिली, आता नोंद करा, सोबत रिपोर्ट. गोष्ट रंगवू नका. त्यावर कंपनी प्रीमियम वाढवेल, किंवा शुगरचं वेटिंग आजपासून सुरू करेल, किंवा रद्द करेल. पहिल्या दोनपैकी काहीही झालं तरी तुम्ही आजच्यापेक्षा बऱ्या जागी आहात, तिसरं झालं तर कोटेशन हातात आहेच. मेल केल्यावर पोचपावती जपून ठेवा.

पैशाचं बघा. तुमचा प्रीमियम २४,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून साधारण २८,३०० भरत होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्वतःच्या हेल्थ पॉलिसीवर जीएसटी शून्य झालाय. म्हणजे शुगरमुळे २० टक्के जास्त लावले तरी २८,८०० होतात. वर्षाला पाचशे रुपये. चुकलेल्या अपॉइंटमेंटला तुम्ही सहाशे देताय.

राहिली ती डबलवाली पॉलिसी. दहा वर्षं ७२,००० म्हणजे ७ लाख २० हजार भरायचे आणि विसाव्या वर्षी साडेचौदा लाख घ्यायचे, ऐकायला डबल, पण हे साडेचार टक्क्यांच्या आसपास पडतं. पीपीएफ आज ७.१ टक्के देतं, तोच दर टिकला असं धरून तेच पैसे तसेच वीस वर्षं ठेवले तर २१ लाख होतात. साडेसहा लाखांचा फरक, आणि याला तो मावसभाऊ 'गॅरंटीड' म्हणतो, हो, गॅरंटीच आहे. त्यात लाइफ कव्हर ७ लाख २० हजार, डोक्यावर लोन २२ लाख. आणि त्या फॉर्मवरही शुगरच्या रकान्यात 'नाही'च असणार कारण भरणारा हात एकच, म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत तुमचं काही बरंवाईट झालं तर बायकोला तेही भांडून घ्यावे लागतील. सरेंडर केली (मोडून पैसे परत घेतले) तर किती आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून तशीच ठेवली) तर किती, दोन्ही आकडे ब्रँचमधून लेखी मागवा. १ लाख ४४ हजार भरून झालेत, त्याचं रडगाणं नको, पुढचे पावणेसहा लाख अजून तुमच्या खिशात आहेत. पण आधी शुगर सांगून टर्म प्लॅन (नुसता लाइफ कव्हरचा, सेव्हिंग नसलेला) काढा, थोडा महाग पडेल, पडू दे, तो हातात येईपर्यंत ही बंद करू नका. आकडे आले की मला पाठवा.

मावसभावाशी भांडायचं का ते तुमच्या घरचं बघा, दिवाळीला भेटायचं असतं.

सहाशे भरा आणि या शनिवारची वेळ घ्या. तुमच्या गावचीच आहे म्हणून सांगते, अंबडहून कॉलेज रोडला जायचं तर सातपूरवरून एबीबी सर्कल, द्वारका वाटेत लागतच नाही.