जुने लाकूड, खारी हवा आणि नवे बिऱ्हाड

प्रश्न : जून महिन्यात माझी बदली रत्नागिरीला झाली. समुद्रापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा आम्ही भाड्याने घेतली आहे. घरात सध्या एक गादी आणि शेगडी याखेरीज काही नाही. फर्निचरसाठी २५,००० रुपयांपेक्षा अधिक खर्च करणे शक्य नसल्यामुळे जुन्या वस्तू घेऊन त्या दुरुस्त करून वापराव्यात, असा विचार आहे. माझ्या आजोळचे जुने घर उतरवले, तेव्हा फणसाच्या लाकडाचे दोन फळ्यांचे एक दार मामांनी माझ्यासाठी राखून ठेवले. प्रत्येक फळी साधारण सहा फूट लांब आणि दीड फूट रुंद असून तिच्यावर जुना हिरवा रंग आहे. त्याचे जेवणाचे टेबल होईल का? शिवाय ओळखीच्या एका कुटुंबाकडे खणांचे लाकडी कपाट आणि एक लोखंडी कपाट स्वस्तात मिळत आहे. ती घ्यावीत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दार अवश्य आणा. फणसाच्या जुन्या लाकडाचा गाभा टिकाऊ असतो, वाळवीला सहसा बळी पडत नाही आणि मुळातला पिवळा रंग वर्षांगणिक गडद होत तांबूस-तपकिरी होतो. दारे, देव्हारे आणि पाट यांसाठी कोकणाने हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या वापरले ते याच गुणांमुळे. मात्र दोन्ही फळ्या जोडून सहा फूट बाय तीन फुटांचे टेबल केले, तर दोन खोल्यांच्या घरात दुसऱ्या कशालाही जागा उरणार नाही. माझ्या मते एका फळीला ३० इंच उंचीचे पाय लावून ती भिंतीलगत जेवण्या-लिहिण्यासाठी ठेवावी आणि दुसरीला १८ इंच उंचीचे पाय लावून तिचे बाक करावे. फळ्या कापू नयेत. पुढे मोठे घर मिळाले, तर त्याच दोन फळ्या शेजारी शेजारी बसवून सहा माणसांचे टेबल करता येईल.

पाय बसवताना सुताराला एक गोष्ट आवर्जून सांगा. लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते, लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून फळीच्या मागच्या आडव्या पट्ट्या काढू नयेत, आणि पायांची चौकट फळीला जोडताना स्क्रूची भोके गोल न ठेवता रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत, म्हणजे लाकडाला हलायला वाव मिळतो. सगळे फेव्हिकॉलने घट्ट बांधून टाकले, तर दोन-तीन पावसाळ्यांत फळीला चीर जाते. वर काच टाकायची असल्यास तिच्याखाली रबरी बटणे ठेवा; काचेखाली अडकलेल्या ओलीने बुरशी धरते.

आता किडीविषयी, कारण जुन्या लाकडाच्या व्यवहारात सर्वांत जास्त फसगत येथेच होते. कडेचा फिकट भाग नीट पाहा. भुंगा लागतो तो बहुधा याच भागाला, गाभ्याला क्वचित. टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली म्हणून घाबरून जाऊ नका, कारण ती जुनीही असू शकतात. भोके ब्रशने साफ करा, फळी कागदावर ठेवा आणि दोन-तीन आठवडे थांबा. कागदावर ताजी, पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे. भुकटीऐवजी खसखशीसारखे दाणे पडले तर ती लाकडातच राहणारी वाळवी समजावी, आणि मातीच्या नळ्या दिसल्या तर जमिनीतून आलेली. कीड कडेपुरती असेल तर तो भाग तासून काढावा आणि उघड्या लाकडाला बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे पाणी दोन-तीन वेळा भरपूर लावावे. हे द्रावण रंग किंवा पॉलिश असलेल्या पृष्ठभागातून आत जात नाही, त्यामुळे आधी लाकूड उघडे करणे आवश्यक आहे. रॉकेल किंवा डिझेल ओतण्याचा सल्ला तुम्हाला अनेक जण देतील. तो मानू नका. बंद खोलीत त्याचा वास महिनोन्‌महिने राहतो आणि आगीचा धोका असतो तो वेगळाच.

हिरव्या रंगाबाबत मात्र मी अधिक कळकळीने सांगते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या दारावरच्या रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. तो कोरडा घासू नका, बर्नरने जाळू नका. वॉटर पेपर पाण्यात भिजवून ओले घासावे, चांगला मास्क लावावा, निघालेला चिखल कागदात गुंडाळून वेगळा टाकावा, आणि घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर हे काम राहत्या जागेत करूच नये. मामांच्या अंगणात, घर आणि विहीर यांपासून दूर, ते उरकून मग दार रत्नागिरीला आणणे सर्वांत बरे.

दारातले जुने खिळे काढून टाका. गंजलेल्या लोखंडाभोवती लाकूड काळे पडते आणि ठिसूळ होते. भोकांत त्याच लाकडाच्या काड्या चिकटवून बुजवा. नवे स्क्रू आणि बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या; पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावले, तर खाऱ्या दमट हवेत लोखंड अधिकच लवकर खाल्ले जाते. काही शे रुपयांचा हा खर्च कृपया वाचवू नका.

खणांचे कपाट घ्यायचे की नाही, हे ते कशाचे आहे यावर ठरेल. खण पूर्ण बाहेर काढून मागची आणि तळाची कड बघा. लाकडाच्या रेषा सलग दिसल्या तर ते अस्सल लाकूड, थरांवर थर दिसले तर प्लायवूड, आणि भुसा दाबून केल्यासारखा पोत दिसला तर पार्टिकल बोर्ड. यातले तिसरे फुकट मिळाले तरी नको. आपल्या हवेत त्याच्या कडा ओल धरून फुगतात, स्क्रू सैल होतात आणि त्याची दुरुस्ती होत नाही. लाकडी असेल तर घ्या, पण खण आता घट्ट होत असले तरी त्यांना लगेच रंधा मारू नका. मी स्वतः एका वर्षी जुलैत अडकणारे खण तासून घेतले. शिमग्यापर्यंत ते इतके सैल झाले की ओढताच तिरके होत. सध्या खणांच्या घसरपट्टीला मेणबत्ती घासा आणि तासायचे ते काम फेब्रुवारीवर ठेवा.

लोखंडी कपाटाचे तळाचे कोपरे आणि मागची बाजू स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा. पत्रा आरपार गेला असेल तर सोडून द्या. वरवरचा गंज असेल तर आधी गोड्या पाण्याने पुसून मीठ काढा, पूर्ण वाळू द्या, गंज घासा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तराचा रंग) लावा. समुद्राजवळ उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस छटा दिसते.

पॉलिशचे कामही दिवाळीपर्यंत थांबवावे. चपडा लाखेचे पॉलिश पावसाळी हवेत पांढुरके पडते आणि जेवणाच्या टेबलावर गरम भांड्याचा डाग धरते, म्हणून तिथे पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचे पॉलिश बरे. बाकाला मात्र लाख शोभून दिसेल. उकळलेले जवसाचे तेल लावणार असाल तर त्याच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, कारण त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवून मगच टाका. काजूच्या टरफलांचे तेल होड्यांना आणि वाशांना लावतात, पण ते त्वचेला भाजते आणि काळेकुट्ट असते; घरातल्या बाकाला ते वापरू नये.

तोवर घर रिकामे राहील असे नाही. रंग काढून झालेल्या दोन्ही फळ्या चार-चार चिऱ्यांवर ठेवल्या, की गादी टाकायला सहा फूट बाय तीन फुटांची बैठक तयार होते. चिऱ्याखाली गोणपाट घाला, म्हणजे फरशी ओरखडणार नाही, आणि कपाटे भिंतीपासून तीन इंच पुढे ठेवा, म्हणजे ओल मागे कोंडणार नाही. खरेदीपूर्वी जिन्याच्या वळणाची रुंदीही मोजून घ्या. सहा फुटांचे कपाट दुसऱ्या मजल्यावर चढत नाही, हे हमालांची मजुरी ठरल्यानंतर कळू नये.

प्रश्न : चिपळूण परिसरात जुने फर्निचर स्वस्त मिळते, परंतु ते पुराच्या पाण्यात बुडालेले असेल अशी शंका येते. ते कसे ओळखावे?
— एक वाचक, खेड

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घराघरांत आणि दुकानांत शिरले. त्या पाण्यात राहिलेल्या वस्तू वरून रंगवता येतात, पण आतून लपत नाहीत. खणांच्या मागच्या कोपऱ्यांत, बिजागरीखाली आणि पायांच्या सांध्यांत गाळाची बारीक रेघ शोधा. प्लायवूडच्या तळाच्या कडेवर नख दाबून पाहा; थर सुटले असतील तर वस्तू नाकारा. प्लायवूडवर आयएस (भारतीय मानक) ७१० असा शिक्का असेल तर ते पाण्याला टिकणारे मरीन प्लाय, आणि आयएस ३०३ असेल तर साध्या प्रतीचे, असे ढोबळमानाने समजावे. अस्सल सागवान किंवा फणस मात्र बुडाला म्हणून वाया जात नाही. सावलीत वाऱ्यावर महिना-दोन महिने वाळवून सांधे पुन्हा बसवले, तर ते पूर्ववत काम देते. कापूस किंवा फोम भरलेली कोणतीही वस्तू, गादी असो वा सोफा, पुरातली घेऊच नये. ढेकणांच्या भीतीने मी ती पुराबाहेरचीही घेत नाही.

प्रश्न : आमच्याकडे आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्या पंधरा-वीस पडून आहेत. त्यांची पुस्तकांची मांडणी करता येईल का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : पुस्तकांसाठी नको. पेटीच्या फळ्या पातळ आणि फक्त खिळ्यांवर तोललेल्या असतात. पुस्तकांच्या वजनाने त्या वाकतात. मात्र फटींतून हवा खेळत असल्यामुळे कांदे-बटाटे, चपला आणि मुलांची खेळणी यांसाठी त्या उत्तम आहेत. खिळे बदलून स्क्रू घाला, कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, तीनपेक्षा अधिक पेट्या एकावर एक रचू नका आणि सर्वांत खालची पेटी जमिनीपासून दोन इंच वर ठेवा.