लाउंज, कार्ड आणि पिट्टूतली पुंगळी

जवानांच्या सुट्ट्या मंजूर व्हायला लागल्या की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. यावेळची निवडक पत्रं.

भाचा सैन्यात आहे. जवानांना आणि घरच्यांना विमानतळावर लाउंज, म्हणजे विश्रांतीचा खास कक्ष, फुकट असतं, असा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरतोय. पुण्यात कुठे विचारायचं? (सातारा)

असे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे यूएसओ नावाची, 1941 मध्ये सुरू झालेली, देणग्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी संस्था आहे. तिथल्या बऱ्याच विमानतळांवर जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिची मोफत विश्रांतीची जागा असते. आपल्याकडे देशभर लागू असा हक्क नाही. एखाद्या विमानतळाने जवानांची वेगळी सोय केलीच असेल, तर ती तिथल्यापुरती. तिथल्या चौकशी खिडकीवर विचारा, ग्रुपवर नको.

यांच्या पगार खात्याच्या कार्डावर लाउंज मिळतं, असं बँकेच्या माणसाने सांगितलं. हे सीमेवर आहेत. त्यांचं कार्ड घेऊन मी आणि दोन मुलं जाऊ शकतो का? (कोल्हापूर)

नाही. कार्ड ज्याच्या नावाचं, प्रवेश त्यालाच. मुलांचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे लागतात. कार्ड गळ्यात मारताना ‘लाउंज फ्री’ मोठ्याने सांगतात. तिमाहीत किती वेळा, आधी किती खर्च केल्यावर, हे बारीक अक्षरात असतं. शाखेत जाऊन आजच्या अटी लेखी मागा. तुमच्या नावाचं कार्ड निघतं का, तेही तिथेच कळेल.

‘डिफेन्स लाउंज पास’ची लिंक आली आहे. उघडू का?

मुळीच नाही. 2024 मध्ये बंगळुरू विमानतळावर लाउंजच्या नावाने बनावट ॲप देऊन प्रवाशांना लुटल्याच्या बातम्या आल्या होत्या. ओळखपत्राचा फोटो पाठवून झाला असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर फोन करा आणि युनिटला कळवा.

सवलतीचं तिकीट काढलंय, पण डिपेंडंट कार्डाची (जवानाच्या कुटुंबीयांच्या ओळखपत्राची) मुदत संपलीय.

नूतनीकरण करा, विमानाच्या आदल्या रात्री नव्हे; तोवर काय चालेल ते विमान कंपनीला विचारा.

नातवाला शाळेत दाखवायला गोळीची रिकामी पुंगळी हवी आहे. मुलगा सुट्टीवर येताना बॅगेत टाकून आणेल का? (सांगली)

आजी, हे पत्र वाचून मी खुर्चीतच सावरून बसलो. गोळीबाराच्या रेंजवरून उतरताना प्रत्येक जवानाकडून ‘माझ्याकडे जिवंत राउंड नाही, रिकामी पुंगळी नाही’ असं वदवून घेतात. रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा होतात. ती घरी आणणं हीच मुळात चूक. आणि विमानतळावर? क्ष-किरण यंत्रात ती चिमूटभर वस्तूही ठळक दिसते. जिवंत काडतूस सापडलं तर विमानतळाची सुरक्षा पाहणारी सीआयएसएफ त्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात देते, शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, विमान चुकतं आणि युनिटकडे चौकशी जाते. ‘राहिलं होतं, माहीत नव्हतं’ हे खरं असलं तरी ते सिद्ध करायला वकील लागतो. बहुतेक वेळा खरोखरच राहिलेलं असतं: पिट्टूच्या (जवानाच्या पाठीवरच्या पिशवीच्या) बाजूच्या कप्प्यात, शिवणीत अडकलेलं, मोज्याच्या गुंडाळीत. म्हणून रेंजवर नेलेला पिट्टू सुट्टीला वापरूच नये. वापरायचाच तर निघण्याच्या दोन दिवस आधी चादरीवर उलटा झटकावा, प्रत्येक कप्प्यात बोट फिरवावं आणि मगच कपडे भरावेत. काही सापडलं तर गुपचूप फेकायचं नाही, युनिटमध्ये वरिष्ठांकडे जमा करायचं. गुन्हा दाखल झालाच असेल तर गावातल्या जाणत्याचा सल्ला घेऊ नका. वकील गाठा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. नातवाला रेजिमेंटची टोपी द्या.

तीच बॅग. प्रसादाची खोबऱ्याची वाटी चालेल?

सुकं खोबरं पेट घेतं म्हणून अनेक कंपन्या घेत नाहीत. आधी विचारा.

लोहगावला, पुण्याच्या विमानतळावर, मुलगा विमानातून उतरताना व्हिडिओ काढला तर?

धावपट्टी हवाई दलाची आहे. बाहेर येऊ द्या, मग काढा.