अडीच वर्षांची मुलगी टीव्ही लावल्याशिवाय जेवत नाही. टीव्ही पूर्ण बंद करावा का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी कार्टून लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, सासूबाईंच्या मालिका संध्याकाळभर चालू असतात, आणि 'टीव्हीने मुलं मुकी राहतात' असं सांगून शेजारणीने तुम्हाला घाबरवलंय. मी डॉक्टर नाही. पण हे सगळं, अगदी शेजारणीसकट, आमच्या घरात होऊन गेलंय. मुलगा आता सात वर्षांचा आहे. तेव्हा जे वाचलं, विचारलं आणि चुकलं, ते सांगते.

आधी आकडे, कारण ते सोपे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं की दोन वर्षांच्या आत टीव्ही-मोबाइल नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं म्हणणंही जवळपास हेच आहे. दोनच्या आतल्या मुलांना फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो. म्हणजे गावाकडच्या आजीला फोनवर टाटा केला तर काही बिघडत नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: पूर्ण बंद करायलाच हवा असं नाही. पण तास मोजताना आपण फक्त कार्टूनचा तास मोजतो, नुसता लावून ठेवलेला टीव्ही मोजत नाही, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथेच आहे.

आमचा मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याला जेमतेम दहा-बारा शब्द येत होते, त्यातले तीन कार्टूनमधले हिंदी. 'पकडो' म्हणायचा, 'दे' म्हणत नव्हता. डॉक्टरांनी टीव्हीबद्दल विचारलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "रोज फक्त अर्धा तास." ते म्हणाले, "तो किती बघतो ते नाही विचारलं. घरात किती वेळ चालू असतो?"

घरी येऊन तीन दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवलं. सकाळी ह्यांच्या बातम्या, दुपारी आईंच्या (सासूबाईंना मी आईच म्हणते) आदल्या रात्रीच्या मालिका पुन्हा, संध्याकाळी सात ते साडेनऊ नव्या मालिका. रोजचे सहा-सात तास भरले. मुलगा त्याकडे बघतसुद्धा नव्हता, म्हणून आम्ही ते धरतच नव्हतो.

यावर अमेरिकेत चांगलं काम झालंय. सिएटलच्या संशोधकांनी दोन महिने ते चार वर्षांच्या तीनशेहून जास्त मुलांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावून घरातला आवाज टिपला. 2009 साली छापून आलेला निष्कर्ष असा, की टीव्हीचा आवाज ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्या माणसांचे शब्द सुमारे 770 ने कमी होतात. मूलही कमी आवाज काढतं, आणि 'तू बोल, मी बोलतो' ही देवाणघेवाण घटते. मॅसॅच्युसेट्समध्ये एक ते तीन वर्षांच्या मुलांना तासभर खेळणी देऊन त्यातला अर्धा तास शेजारी मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम लावून ठेवला होता. मुलं मान वर करून दोन-चार सेकंदच बघायची, पण खेळ तुटायचा. एक खेळणं हातात धरून त्यात रमण्याचा वेळ कमी झाला. हे वाचल्यावर मी आमच्या पोराकडे नीट बघितलं. डब्यात डबा घालत बसलेला असायचा, मालिकेत ढॅण ढॅण वाजलं की मान वर, आणि परत खाली येईपर्यंत डबा विसरलेला.

'पण कार्टूनमधून भाषा शिकतात ना?' हा प्रश्न आमच्या घरीही झाला. सिएटलमध्येच 2003 साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर प्रयोग झाला होता. काही बाळांशी चिनी बोलणाऱ्या माणसांनी समोर बसून बारा वेळा गप्पा-खेळ केले, काहींना तेच टीव्हीवर दाखवलं. समोर बसलेल्या माणसांकडून बाळं चिनी भाषेतले ध्वनी ओळखायला शिकली, टीव्हीवरून काहीच शिकली नाहीत. मला याचं नवल वाटलं नाही. टीव्हीतलं माणूस बाळ कुठे बघतंय ते बघून बोलत नाही, बाळ 'अं' म्हणालं तर थांबत नाही. तीन वर्षांनंतर मुलं निवडक, संथ कार्यक्रमांतून काही शिकतात, शेजारी बसून कोणी त्यावर बोललं तर जास्तच. अडीच वर्षांच्या मुलीसाठी शेजारी बसणं सोडू नका.

आता शेजारणीबद्दल. टीव्हीने मूल मुकं होत नाही आणि टीव्हीमुळे ऑटिझम होतो असंही नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही फिरो. 2004 साली एक ते तीन वर्षांतला टीव्ही आणि सातव्या वर्षीची चंचलता यांचा संबंध दाखवणारा अभ्यास खूप गाजला. पण टीव्हीमुळे मूल चंचल झालं, की चंचल मुलालाच आईबाप टीव्हीपुढे बसवतात, हे त्यातून ठरत नाही. मात्र उलटी चूकही करू नका. अडीच वर्षांची मुलगी दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारली तर बघत नसेल, बोट दाखवून वस्तू मागत नसेल, तर 'टीव्ही बंद केला की बोलेल' म्हणत वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या. खर्चाचा प्रश्न असेल तर अंगणवाडीत सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं, ते गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांच्या सरकारी केंद्रात पाठवतात. तिथे पैसे पडत नाहीत.

जेवणाचं मात्र मी आजपासूनच थांबवेन. टीव्हीपुढे मूल जेवत नाही, आपण त्याच्या उघड्या तोंडात भरत असतो. पोट भरलंय की नाही, खातोय ते काय आहे, त्याला पत्ताच नसतो. आपल्याला ते आवडतं कारण ताट रिकामं होतं. आम्ही टीव्हीच्या खोलीत जेवणच बंद केलं. स्वयंपाकघरात खाली सगळ्यांसोबत त्याचं छोटं ताट, आणि भरवायचं नाही, त्याने स्वतः खायचं. पहिले चार दिवस भयंकर गेले. एका रात्री दोन घास खाऊन झोपला आणि मी रडले. डॉक्टर म्हणाले होते की निरोगी मूल एक जेवण चुकलं म्हणून उपाशी मरत नाही, पुढच्या जेवणाला भरून काढतं. तेवढ्यावर तग धरला. मधे बिस्किट दिलं नाही, ही खरी मेख. आठ-दहा दिवसांत वरणभात अंगाला, जमिनीला आणि थोडा पोटात जायला लागला.

सासूबाईंशी भांडू नका. दिवसभर राबलेल्या बाईची ती हक्काची करमणूक आहे, आणि 'बंद करा' म्हटलं की विषय नातीचा राहत नाही, तुमचा आणि त्यांचा होतो. आम्ही टीव्ही आईंच्या खोलीत हलवला. आठची त्यांची आवडती मालिका त्या दार लावून बघायच्या, तेवढा वेळ हे मुलाला खाली फिरवून आणायचे. दुपारी मी त्यांच्यापुढे मटार, गवार, शेंगा आणि नातू असं सगळं एकत्र ठेवायला लागले. तेव्हा लक्षात आलं की आमच्या घरातली सगळ्यात बोलकी व्यक्ती इतके महिने दुपारभर गप्प बसत होती. शेंगा फोडता फोडता आई त्याला गावची म्हैस, विहिरीतला साप, चुलत्यांची भांडणं, काय वाटेल ते सांगायच्या. तीन महिन्यांनी तो वाक्यं बोलत होता. टीव्ही कमी केल्यामुळे की वयच झालं म्हणून, देव जाणे. पण बोलायला लागला तो आईंच्या गावाकडच्या हेलात, हे नक्की.

ह्यांच्या सकाळच्या बातम्या मात्र सुटल्या नाहीत. आवाज बंद करून खालची पट्टी वाचतात.