क्षमा मिळाली, मग परिणाम का उरतात?

प्रश्न : मंडळीच्या (चर्चच्या) हिशेबातून मी काही काळ थोडे थोडे पैसे काढत होतो. कोणाला कळले नाही. पुढे देवापुढे रडून सगळे कबूल केले आणि क्षमा मिळाल्याची खात्रीही आहे. आता हा विषय लोकांपुढे उकरून काढायलाच हवा का?

उत्तर : हवा. बायबलमधल्या १ योहान १:९ प्रमाणे कबूल केलेल्या पापाची क्षमा होते, त्याबद्दल शंका धरू नका. पण पैसे अजून तुमच्याकडेच आहेत. देवापुढचा दोष मिटला तरी मंडळीच्या खात्यातली तूट तशीच आहे, आणि ती तुम्हीच भरायची आहे.

लेवीयच्या ६व्या अध्यायात याचा क्रम ठरवून दिला आहे : मुद्दल पूर्ण, वर त्याचा पाचवा हिस्सा, ज्याचे त्याच्या हातात, आणि तेही दोषार्पण (अपराधाबद्दलचे अर्पण) आणण्याच्या दिवशीच. म्हणजे शंभर घेतले असतील तर एकशेवीस. चोर पकडला गेला तर भरपाई जास्त असते. निर्गम २२ नुसार चोरलेले जनावर जिवंत सापडले तर दुप्पट. विकले किंवा कापले असेल तर मेंढराला चौपट, बैलाला पाचपट. जकातदार जक्कयाने कोणी न पकडता चौपट देऊ केले, अर्धी मालमत्ता गरिबांना दिली ती वेगळीच. त्याने तारण विकत घेतले असे मात्र समजू नका. येशू त्याच्या घरी गेला तो हा हिशेब होण्याआधी.

आधी जुन्या नोंदी काढून रक्कम ठरवा. आठवत नाही तिथे मोठा आकडा धरा. मग पाळक आणि कार्यकारिणीतला एक जण, अशा दोघांना एकत्र बसवून सांगा. एकट्यालाच सांगितले तर एकतर प्रकरण दाबले जाते, नाहीतर उद्या त्याच्यावरच बालंट येते. एकरकमी जमत नसेल तर हप्ते लेखी ठरवून घ्या. हिशेबाचे काम अजून तुमच्याकडे असेल तर कोणी म्हणण्याआधी सोडा.

बहुतेक जण इथेच पळवाट शोधतात आणि पैसे गुपचूप दानपेटीत टाकतात. त्याने पेटी भरते, पण हिशेबातला घोळ सुटत नाही आणि संशय दुसऱ्याच कोणावर राहतो. कबुलीत ‘पण तेव्हा घरची अडचण होती’ हे वाक्यही नको.

मंडळीने कायदेशीर तक्रार केली तर? ती सोसावी लागेल. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार ‘आपल्याला योग्य तेच मिळत आहे’ असे म्हणाला. ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन त्याला मिळाले, तरी त्याला वधस्तंभावरून कोणी खाली उतरवले नाही.

प्रश्न : दाविदाला देवाने क्षमा केली, मग त्याचे घर का उद्ध्वस्त झाले? ही क्षमा अर्धवट नव्हे का?

उत्तर : राजा दाविदाने उरीयाची बायको बथशेबा हिला बोलावून तिच्याशी व्यभिचार केला आणि मग उरीयाला मारवले. २ शमुवेल १२:१३ मध्ये दावीद ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केले’ एवढेच म्हणतो आणि संदेष्टा नाथान लगेच सांगतो की परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. तिथे क्षमा पुरी झाली. पण तलवार तुझ्या घरातून जाणार नाही, हे त्याआधीच १०व्या वचनात सांगून झाले होते. बथशेबेला झालेले बाळ सातव्या दिवशी गेले. पुढचे अध्याय सावकाश वाचा, कारण तिथे परिणाम आकाशातून पडत नाहीत, माणसांच्या हातून घडतात.

दाविदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. दावीद संतापला, आणि त्याने काहीच केले नाही. कारण मजकुरात दिलेले नाही. पण बथशेबेला बोलावून घेणारा बाप मुलाला कोणत्या तोंडाने शिक्षा सुनावणार? दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारले. पुढे बापाविरुद्धच्या बंडात अबशालोमाचा सल्लागार झाला तो अहिथोफेल. त्याच्या मुलाचे नाव एलीयाम, आणि बथशेबेच्या बापाचेही एलीयाम. दोन्ही एकच असतील, तर दाविदावर उलटलेला हा माणूस तिचा आजोबा होता. त्याच्याच सल्ल्याने राजवाड्याच्या गच्चीवर तंबू लागला आणि तिथे अबशालोम बापाच्या उपपत्नींपाशी गेला. बथशेबा दाविदाला दिसली होती तीही राजवाड्याच्या गच्चीवरूनच. आणि उरीयाला मारवण्याचे पत्र ज्याला गेले, त्याच सेनापती यवाबाने अबशालोमाला सांभाळण्याची राजाज्ञा धुडकावून त्याला मारले. तुमचे गुपित ज्याच्या हातात, त्याच्यावर तुमचा हुकूम चालत नाही.

परंपरांमध्ये इथे मतभेद आहे. कॅथलिक शिकवणीत पापाची सार्वकालिक शिक्षा क्षमेने मिटते, ऐहिक शिक्षा उरू शकते. बहुतेक प्रॉटेस्टंट म्हणतात, शिक्षा ख्रिस्ताने पूर्ण भोगली. उरते ती बापाची शिस्त, इब्री १२:६ मधली. दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून द्यायचे, यावर दोघांचे एकमत आहे.

प्रश्न : आमच्या आईला मोठा आजार झाला आहे. प्रार्थनेला आलेले लोक म्हणतात, घराण्यात काही पाप असेल, ते शोधा. शोधावे का?

उत्तर : नाही. योहान ९ मध्ये शिष्यांनी हेच विचारले होते : हा जन्मांध कोणाच्या पापामुळे, ह्याच्या की आईबापांच्या? येशूने दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, तेही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते (लूक १३). पापाचे परिणाम असतात, याचा अर्थ प्रत्येक दुखण्यामागे पाप असते असा नव्हे. उलटे गणित मांडू नका.

निर्गम २०:५ दाखवून कोणी तिसऱ्या-चौथ्या पिढीचे सांगेल. ते वचन देवाचा द्वेष करणाऱ्यांबद्दल आहे. यहेज्केल १८ मध्ये तर, बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हणच बंद करायला सांगितली आहे. व्यसनी बापाच्या घरात मुले होरपळतात हे खरे, पण ती दोषी ठरत नाहीत.

निर्दोष असून दुःख सोसणाऱ्या ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोवर त्यांचे बरे चालले होते, मग ते त्यालाच दोष देऊ लागले. आईजवळ बसायला येणाऱ्यांना तेवढेच सांगा : तुमच्या आजाराचे कारण अमुक, असे वाक्य खोलीत नको. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना (पुढाऱ्यांना) बोलावून तेल लावून प्रार्थना करवून घ्या. पुढच्या वचनात पापाचा उल्लेख ‘केले असेल तर’ असाच आहे. आईला स्वतःहून काही बोलायचे असेल तर पाळकाशी एकांतात बोलू द्या. डॉक्टरांनी दिलेली औषधे आणि तपासणीच्या तारखा प्रार्थनेमुळे चुकवू नका.