कापू नका, टीप घाला

सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ४३ वर्षांच्या भगिनींचे पत्र आले आहे. रक्तातील साखर सीमारेषेवर आल्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी गेल्या सहा महिन्यांत आपले वजन ८८ किलोवरून ७६ किलोवर आणले आहे आणि अजून सुमारे १० किलो त्यांना कमी करायचे आहे. अडचण कपड्यांची आहे. ब्लाउज खांद्यावरून उतरतात, कुर्ते अंगावर लोंबतात आणि शिक्षकखोलीत रोज कोणी ना कोणी ‘बरे नाही का?’ असे विचारते. यजमान म्हणतात की वजन पुरते उतरू दे, मग सगळे एकदमच घेऊ. सासूबाईंना वाटते की वजन पुन्हा वाढणारच आहे, तेव्हा खर्च कशाला करायचा. कपड्यांसाठी महिन्याला ८०० रुपयांहून अधिक निघत नाहीत. त्यांच्या शिवणवाल्या ताई ब्लाउज आत घ्यायला ६० रुपये आणि अस्तराचा नवा ब्लाउज शिवायला ३५० रुपये घेतात. चार महिन्यांनी, मार्गशीर्षात, दिराच्या मुलीचे लग्न असून त्या वेळी पैठणी नेसायची आहे. उमेद यावी म्हणून ३८ मापाचा एक कुर्ता घेऊन त्यांनी कपाटाच्या दारावर टांगला होता. अलीकडे तो पाहिला की रडू येते, असे त्या लिहितात. मोठ्या मापाचे कपडे आताच देऊन टाकावेत का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. सहा महिन्यांत १२ किलो, म्हणजे आठवड्याला जवळपास अर्धा किलो, हा डॉक्टरांना पसंत पडावा असाच वेग आहे. शाळा, घर आणि तपासण्या सांभाळून तुम्ही तो राखला आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

तुमच्या यजमानांचा हिशेब वरवर पाहता काटकसरीचा आहे आणि त्यामागे तुमच्याविषयी अनास्था आहे असे मला पत्रावरून वाटत नाही. मात्र त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही. उरलेले १० किलो उतरायला आठ महिने लागू शकतात, वर्षही लागू शकते, कारण वजन काही काळ एका आकड्यावर अडून राहणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. कदाचित ७० वर डॉक्टरच सांगतील की आता हे टिकवा, एवढे पुरे. या सगळ्या काळात आठवड्याचे सहा दिवस तुम्हाला वर्गासमोर उभे राहायचे आहे, फळ्यावर हात वर करून लिहायचे आहे, पालकांना भेटायचे आहे. ज्या शरीराने हे करायचे ते आजचे शरीर आहे, आणि त्याला मापाचा कपडा मिळणे ही चैन नाही. ‘बरे नाही का?’ हा प्रश्नसुद्धा बराचसा कपड्यांमुळेच येतो, कारण दोन मापे मोठ्या ब्लाउजमध्ये धडधाकट माणूसही आजारातून उठल्यासारखा दिसतो. तेव्हा कपडे आताच नीट करायचे आहेत, पण विकत घेऊन नव्हे, किंवा फारच थोडे विकत घेऊन.

तुमची सर्वांत मोठी सोय तुमच्या कपाटात आधीच आहे, ती म्हणजे साडी. सुमारे साडेपाच मीटरच्या या वस्त्राला माप नसते. ८८ किलोला जी साडी नेसत होता तीच ७६ ला आणि ६६ ला नेसता येते. फक्त दोन-तीन निऱ्या वाढतात आणि पदर थोडा लांब सोडता येतो. नाडीच्या परकराचेही तसेच आहे. कमरेवर चुण्यांचा गोळा होऊन साडी फुगू लागली, तर सहा कळ्यांच्या परकरातील एक कळी काढून घेतली की काम होते, आणि ते घरच्या घरी उसवून करता येते. म्हणून वजन स्थिरावेपर्यंतचे काही महिने, शाळेत ड्रेस चालत असला तरी, साडीचे दिवस वाढवा. माप बदलते ते केवळ ब्लाउजचे, आणि सगळे लक्ष व बहुतेक पैसे तिथेच जायला हवेत.

माझी आई घरी यंत्रावर ब्लाउज शिवून संसाराला हातभार लावत असे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या आजारानंतर बारीक झालेल्या बायका तिच्याकडे ब्लाउज घेऊन येत, तेव्हा ती आधी कात्री बाजूला ठेवी, कारण कापलेले कापड परत वाढत नाही. तुमच्या ताईंनाही हेच स्पष्ट सांगा की ब्लाउज आत घ्यायचा आहे, जास्तीचे कापड कापायचे नाही. बाहीच्या टोकापासून काखेतून कमरेपर्यंत एकाच रेषेत टीप घालायची आणि उरलेली माया, म्हणजे शिवणीबाहेरचे जास्तीचे कापड, आत तशीच ठेवायची. एका बाजूला दीड इंचापर्यंत माया राहिली तरी ती फारशी टोचत नाही. सासूबाईंची शंका खरी ठरली आणि वजन थोडे वाढले, तर ती टीप उसवली की ब्लाउज पुन्हा पूर्वीसारखा होतो. त्यांना हे एकदा उसवून दाखवा. शब्दांपेक्षा त्याने त्यांची खात्री लवकर पटेल.

सगळे ब्लाउज मात्र आत घेऊ नका. तुमच्या साड्या पलंगावर मांडा आणि असे चार ब्लाउज निवडा जे अधिकात अधिक साड्यांवर चालतात. बहुतेक घरांत ते काळा, मरून, मोरपंखी आणि सोनेरी किंवा मोतिया असे निघतात. निवडताना रंगाइतकेच शिवणीकडेही पाहा. साधा टक्सचा, म्हणजे कापडाला चिमटीसारख्या टिपा घालून आकार दिलेला ब्लाउज सहज लहान होतो. प्रिन्सेस कटमध्ये उभ्या शिवणी असल्यामुळे तोही बऱ्यापैकी साधतो. कटोरीचा, म्हणजे छातीवर वाटीसारखे तुकडे जोडलेला, आणि पॅडचा ब्लाउज मात्र बाजूने आत घेतला तरी पुढचा भाग फुगलेलाच राहतो, कारण कटोरीचे माप जुनेच असते. त्यावर ६० रुपये घालवू नका. खांद्यावरून उतरण्याची तक्रार असेल, तर पाठीला गळ्याच्या खाली एक नाडी लावून घ्या. ती ओढून बांधली की खांदा जागेवर येतो, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत माप आणखी उतरले तरी तीच नाडी थोडी अधिक ओढायची असते. असे चार ब्लाउज २४० रुपयांत होतात, म्हणजे पहिल्या महिन्याच्या रकमेतील ५६० रुपये शिल्लक राहतात.

पुन्हा आत घ्यायची वेळ कधी आली, हे वजनकाट्याला विचारू नका. एक मोजपट्टी आणा आणि महिन्यातून एकदा छाती, कंबर आणि नितंब मोजून वहीत लिहा. किलो आणि इंच एकाच चालीने उतरत नाहीत. काटा अडलेला असताना कंबर इंचभर कमी झाल्याचा अनुभव अनेकींना येतो, आणि काट्यामुळे खट्टू झालेल्या मनाला ती वही फार आधार देते. तयार कुर्त्यांच्या मापांत साधारण २ इंचांचे अंतर असते, त्यामुळे छातीचे माप २ इंच उतरले की ब्लाउजना हात लावावा, त्याआधी नाही. दर पंधरवड्याला टीप घालून घेण्यात पैसा जातो आणि कापडही विरते.

कुर्त्यांबाबत कसोटी खांद्याची आहे. कुर्ता बाजूच्या शिवणीतून दोन मापांपर्यंत आत घेता येतो, परंतु खांद्याची शिवण इंचभर दंडावर उतरली असेल तर बाजू कितीही आवळली तरी तो दुसऱ्याचा घातल्यासारखाच दिसतो. खांदा उसवून पुन्हा बसवण्याचे काम मोठे आणि महाग असते. ते करण्यापेक्षा तो कुर्ता घरात किंवा सकाळी फिरायला जाताना वापरावा. खांदा ज्यांचा बरा आहे असे दोन कुर्ते निवडा, त्यांच्या बाजू आत घ्या आणि खाली नाडीची सलवार ठेवा. नवीन घ्यायचाच झाला तर ज्याला बाजूने किंवा कमरेवर बंद आहेत असा, अंगरख्याच्या पद्धतीचा कुर्ता घ्यावा, कारण तो तुमच्याबरोबर लहान होत जातो. जीन्स, चेनची पँट आणि बेताच्या मापाचा अनारकली या तिन्ही गोष्टी सध्या घेऊ नयेत.

जिथे काटकसर करू नये असे एकच ठिकाण आहे, ते म्हणजे आतले कपडे. मापाची नसलेली ब्रा घालून नीट केलेला ब्लाउजही नीट बसत नाही, आणि दिवसभर पट्टे सावरण्याने खांदे व मान दुखतात. दोन चांगल्या ब्रा घ्या. घेताना सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बरोबर बसणारी निवडा, म्हणजे पुढचे काही इंच आतल्या हुकांवर निभावतात. पहिल्या महिन्याचे उरलेले पैसे इकडे वळवावेत असे मी सुचवीन. चपला-सँडल सैल झाले असतील तर तेही बदला, कारण साखर सीमारेषेवर असताना पायाला घासून जखम होऊ देऊ नये.

तुम्ही लिहिलेले नाही, पण मला विचारावेसे वाटते की बोटातील अंगठी सैल झाली आहे का? वजन उतरताना बोटेही बारीक होतात आणि हात धुताना अंगठी केव्हा निसटली हे कळत नाही. सोनाराकडे ती आताच लहान करायला देऊ नका. आतून दोरा घट्ट गुंडाळा किंवा वजन स्थिरावेपर्यंत काढून ठेवा. एक हरवलेली अंगठी तुमच्या कित्येक वर्षांच्या कपड्यांच्या खर्चाएवढी पडेल.

आता सण येत आहेत. दसरा-दिवाळीला घरात सर्वांचे कपडे होतील, तेव्हा तुम्ही शिवलेले काही घेऊ नका, आणि भाऊबीजेला भावाने विचारलेच तर साडी किंवा न शिवलेले ड्रेसचे कापड सांगा. ते कापड वर्षभर घडीत राहिले तरी बिघडत नाही. मधल्या मापाची तूट पडली तर बहिणीचे, नणंदेचे किंवा जावेचे चार कपडे सहा महिन्यांपुरते मागून घ्यायला संकोच करू नका. आपल्याकडे बाळाला पहिली झबली कितीतरी घरांत दुसऱ्या बाळाचीच घालतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. तुमच्या वाट्याला आता तसाच वाढीचा काळ आला आहे, फक्त तो उलट दिशेचा आहे.

कपाटाच्या दारावरचा तो ३८ मापाचा कुर्ता कृपा करून आजच उतरवा. तो फेकू नका, घडी करून खालच्या कप्प्यात ठेवा. रोज सकाळी शाळेला निघण्याच्या घाईत जे वस्त्र तुम्हाला ‘अजून नाही’ असे सांगते, ते तिथे टांगण्याजोगे नाही. त्या खिळ्याला उद्या घालायची साडी आणि तिच्यावर बसणारा ब्लाउज अडकवा.

मोठ्या कपड्यांविषयी माझे मत थोडे सावध आहे. उतरलेले वजन काही अंशी परत येणे ही सामान्य गोष्ट आहे, आणि तसे झाले तर स्वतःला दोष देत नव्या खरेदीला जावे लागू नये. म्हणून चांगल्या कापडाचे दोन ब्लाउज आणि दोन ड्रेस एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा, आणि वजन वर्षभर स्थिर राहिले की मग तेही द्या. बाकीच्यांपैकी धड कपडे ज्यांना त्या मापाचे हवे आहेत अशा ओळखीच्या बायकांना द्यावेत. विरलेल्या सुती कुर्त्यांची गोधडी होते. जे उरेल ते बोहारणीला द्या आणि बदल्यात एखादे पातेले पदरात पाडून घ्या.

राहिली पैठणी. तिचे ब्लाउजपीस अजून कापायला देऊ नका, त्याला अस्तरही आताच लावू नका. मार्गशीर्षात लग्नसराई असते आणि शिवणवाल्या बायकांकडे महिना-महिना आधी कामे साचतात, म्हणून तुमच्या ताईंकडे आजच जाऊन लग्नाची तारीख सांगून ठेवा आणि माप मात्र लग्नाला तीन आठवडे उरले असताना द्या. साधा टक्सचा ब्लाउज, पाठीला नाडी आणि दोन्ही बाजूंना दीड इंच माया, एवढे त्यांच्या वहीत लिहून घ्यायला सांगा. अस्तराचे सुती कापड आधी घरी भिजवून, वाळवून द्या, म्हणजे ते पुढे आटून पैठणीच्या कापडाला ओढ बसणार नाही. शिलाईचे ३५० रुपये कार्तिकाच्या रकमेतून बाजूला काढून ठेवा, आणि लग्न झाल्यावर तो ब्लाउज कसा बसला हे मला जरूर कळवा.

तुमची,
ताई