गावातच नर्स व्हायचंय म्हणतेस ना? मग आधी आडनावाचं स्पेलिंग बघ

बाय, तुझी पोस्ट दोनदा वाचली. बी.एस्सी. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, कॉलेज गोव्याबाहेर, घर गोव्यात सत्तरी तालुक्यात. वर्गातल्या निम्म्या मुली परदेशी जायला ओईटीच्या (ती नर्स-डॉक्टरांची इंग्रजीची परीक्षा) नाहीतर जर्मनच्या क्लासला जातात आणि तू म्हणतेस मला गावाकडच्या हेल्थ सेंटरातच काम करायचंय, तर मॅडमपासून मावशीपर्यंत सगळे विचारतात मार्क्स कमी पडले काय गे. शेवटी तू विचारलंयस की कोणी स्वतःहून गाव निवडतं का, की ज्यांना दुसरीकडे मिळत नाही तेच जातात.

स्वतःहून निवडतात. मी निवडलं. आणि तुला जे बोलतात ते मी शब्दन् शब्द ऐकलंय म्हणून एवढं लिहायला बसले, नाहीतर मी इथे नुसती वाचते.

इंटर्नशिप, पीएचसी-सीएचसी (म्हणजे प्राथमिक आणि सामुदायिक आरोग्य केंद्र), परमनंट आणि कंत्राटी यातला फरक हे सगळं तुला माहीत असणार, त्यात जात नाही.

का निवडलं ते सांगते. 2016 च्या उन्हाळ्यात मी सुटीवर घरी आलेले. सत्तरीत 2015 पासून माकडताप आलाय, जंगलातल्या गोचिडी चावून होणारा, ते तुला सांगायला नको, तोच 1957 मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडलेला. काजूचे दिवस होते. आमच्या वाड्यावर येणाऱ्या एएनएम बाई, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या सरकारी नर्स, आईच्या ओळखीच्या, त्या म्हणाल्या घरी बसून काय करतेस, चल माझ्याबरोबर. एका घरी सोप्यावर एक बाई गोधडी घेऊन पडलेली, दोन दिवस ताप, डोकं फुटतंय म्हणत होती. मुलानं दुकानातून गोळ्या आणून दिलेल्या. मी चार वर्षांच्या कोर्सची शिकाऊ, मी लगेच पल्स धरली आणि मनात फीवरचा चार्ट उघडला. बाईंनी थर्मामीटर काढायच्या आधी फक्त विचारलं, "काजींत गेल्लें गे?" म्हणजे काजूच्या बागेत गेलेलीस काय. ती हो म्हणाली. मग कुठल्या बागायतीत, बरोबर कोण होतं, माकड मेलेलं दिसलं काय. गुडघ्यामागे आणि कमरेला गोचीड चावल्याची खूण बघितली. तिला रक्त तपासायला पाठवायची सोय केली आणि लगेच चप्पल घालून निघाल्या त्या थेट शेजारच्या दोन घरांत, कारण त्या बायका त्याच बागायतीत वेचायला जायच्या. दुसऱ्या घरातली बाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती, बरी आहे म्हणाली. बाईंनी तिच्या मानेला हात लावला तर अंग भाजत होतं. ताप लपवत होती, कारण कळलं तर रोजची मजुरी बुडणार आणि काजूचा सीझन काय वर्षभर नसतो.

पहिलीचा रिपोर्ट माकडतापाचाच आला. दोघी बऱ्या झाल्या. मला त्या दिवशी कळलं की हे वॉर्डात होत नाही. वॉर्डात माणूस बेडवर आल्यावर आपलं काम सुरू होतं, ती बाई चुलीपुढे होती, तिला बेडपर्यंत कोणीच आणलं नसतं.

म्हणून मला तो 'सेवाभाव' शब्द आवडत नाही, स्पष्ट सांगते. सत्काराला बोलावतात आणि म्हणतात त्याग केलास. कसला त्याग? मी शिकले ते पूर्ण वापरायला मिळतं म्हणून मी इथे आहे. उपकेंद्रात डॉक्टर शेजारी उभा नसतो, बीपी वाढलेल्या गरोदर बाईला आज पाठवायचं की उद्या हे तुला ठरवायचं असतं. आणि घराजवळ राहायचंय, आईबाबांचं वय होतंय, आपली भाषा बोलणारी माणसं आहेत, ही कारणं सुद्धा खरीच आहेत, ती सांगायला लाजू नकोस. डब्ल्यूएचओने 2010 मध्ये ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी कसे टिकवायचे यावर शिफारशी काढल्या, 2021 मध्ये त्या सुधारल्या, आणि त्यात सुरुवातच इथून आहे की खेड्यातल्या मुलांना कोर्सला घ्या आणि शिकताना त्यांना खेड्यात पाठवा. म्हणजे गावची मुलगी गावात परत जाते हे जगभर बघून लिहिलेलं आहे, तुझं डोकं फिरलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट, ज्यात माझी साडेतीन वर्षं गेली.

माझ्या बाबांचा जन्म पोर्तुगीज काळातला. त्यांच्या जन्माच्या नोंदीत नाईक आडनाव एन-ए-आय-क्यू-यू-ई असं आहे. माझ्या जन्मदाखल्यावर तेच उतरलं. शाळेत घालताना मास्तरांनी एन-ए-आय-के लिहिलं, तेच दहावीला, बारावीला, डिग्रीला आणि जिथे शिकले तिथल्या नर्सिंग रजिस्ट्रेशनला. आधारवर तिसरंच काहीतरी. गोव्यात हे इतकं कॉमन आहे की आम्हाला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. गावकर, देसाई, प्रभू, कोणाच्याही घरात बघ.

चूक माझी ही की मी जाहिरात येईपर्यंत थांबले. डिग्री झाली, गोव्याबाहेरचं रजिस्ट्रेशन हातात होतं, मला वाटलं गोव्याचं काय, जाहिरात आली की करून घेऊ. जाहिरात आली, आमच्याच तालुक्यातली जागा, आणि त्यात लिहिलेलं की अर्जाच्या शेवटच्या तारखेला गोव्याचं रजिस्ट्रेशन पाहिजे. त्यासाठी आधीच्या ठिकाणची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला. त्यासाठी मी एका ऑफिसात गेले. कुठलं, कुठे, ते लिहिणार नाही, पण तो जिना मला अजून आठवतो.

पहिल्यांदा म्हणाले जन्मदाखला आणि डिग्रीवर आडनाव वेगळं आहे, अ‍ॅफिडेव्हिट आणा. गोव्यात येऊन अ‍ॅफिडेव्हिट करून परत गेले. तर म्हणाले हे चालत नाही, राजपत्रात छापून आणा. मी विचारलं हे मागच्या वेळी का नाही सांगितलं, तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला मागच्या वेळी मी नव्हतो. तिसऱ्या खेपेला फाइल सापडेना. चौथ्या वेळी सही करणाऱ्या मॅडम रजेवर. फोन कोणी उचलत नाही, ईमेलला उत्तर नाही, प्रत्येक खेप म्हणजे रात्रीची बस, एक दिवसाची रजा आणि बाबांचे पैसे. अकरा महिने लागले, अकरा! एका कागदाला, ज्यावर शेवटी चार ओळी होत्या. तोपर्यंत ती जागा भरून मोकळी झालेली. त्या उपकेंद्रात दुसऱ्या टोकाच्या तालुक्यातली मुलगी लागली, बिचारीला तिकडची पायवाट पण माहीत नव्हती आणि ती वर्षाच्या आत बदली करून गेली. खरं सांगते, मला त्याचा राग अजून आहे. गावात यायला मुली तयार नाहीत म्हणून सगळे रडतात आणि जी दारात उभी आहे तिला एका अक्षरासाठी परत पाठवतात.

पुढची जाहिरात येईपर्यंत मी शहरात एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयू केलं. वाया गेलं म्हणणार नाही, हात तयार झाला, कोविड तिथेच काढला. पण तिथे जॉइन होताना ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करा म्हणाले आणि मी दिली. ती परत घ्यायला पण भांडावं लागलं. तू ओरिजिनल कोणाच्या ताब्यात देऊ नकोस, बॉण्ड म्हटलं तर वाचून सही कर, झेरॉक्स पाहिजे तेवढ्या दे.

तर माझं मत असं, आणि हे फक्त माझं मत आहे, मी वकील नाही आणि नियम बदलत असतात, त्यामुळे स्वतः विचारून खात्री कर. रिझल्टची वाट बघू नकोस. आता सुटीत सगळे कागद एका टेबलावर मांड आणि तुझं नाव, बाबांचं नाव, आडनाव एकेक अक्षर जुळवून बघ. फरक असेल तर शिकत असतानाच नीट करून घे, डिग्री छापली की डोकेदुखी दुप्पट होते. गोव्यात नाव-आडनाव बदलायला 1990 चा स्वतंत्र कायदा आहे, त्यातलं आज काय लागू आहे ते एखाद्या वकिलाला विचार, विचारणं दोन तासांचं काम आहे. जिथे शिकलीस तिथलं रजिस्ट्रेशन झालं की त्याच आठवड्यात एनओसीचा अर्ज टाक, जाहिरात असो नसो. प्रत्येक अर्जाची पोच घे, शिक्का आणि तारीख असलेली. मी घेतली नव्हती म्हणून फाइल सापडत नाही म्हणाले तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. मामलेदाराकडचा 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला पण आधीच बघून ठेव. सरकारी जागेला कोकणी यावं लागतं, तुझा तो प्रश्न नाही.

सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, त्याबद्दल पण विचारलंयस. 2018 मध्ये आयुष्मान भारत आल्यापासून उपकेंद्रांवर त्या जागेवर नर्सिंग झालेल्यांना घेतात, तुझ्या बी.एस्सी.त त्याचा अभ्यासक्रम धरलाय की वेगळा सहा महिन्यांचा कोर्स करावा लागेल ते कॉलेजात लेखी विचार. काम चांगलं आहे, पण कंत्राटी असेल तर कंत्राटीच समजून जा, पुढे कायम करतील म्हणून कोणी तोंडी सांगितलं तर त्यावर घर बांधू नकोस.

आणि गाव म्हणजे सगळं छान असं पण नाही हो. कागदावर डोंगरी भागात उपकेंद्राला 3,000 लोकसंख्या धरतात, ऐकायला थोडी वाटते, पण ती वाड्यावाड्यांवर पसरलेली असते आणि पावसात एकेका वाड्याला अर्धा दिवस जातो. सुर्ल्याकडे वगैरे फोनला रेंज मिळेल याचा भरवसा नाही. स्कूटर चालवायला येत नसेल तर आत्ता शीक, कदंबाच्या सरकारी बसच्या वेळांवर लसीकरणाचा दिवस निघत नाही. व्हॅक्सिन कॅरियर मागे बांधायला रबरी पट्टा लागतो, सुतळी सुटते. एकटेपणा पण येतो, विशेषतः पहिल्या पावसाळ्यात, तेव्हा तुझ्याच बॅचची दुबईतली मैत्रीण फोटो टाकते आणि तुझ्या घरात लाइट नसते. ते दिवस मी पण काढलेत. मला अंगणवाडीतल्या सेविका मावशींनी सांभाळलं, त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून नीट राहा, कोण गरोदर आहे ते त्यांना आपल्या आधी कळतं.

घरच्यांना समजवायला मला काही जमलं नाही, त्यामुळे त्यावर सल्ला देत नाही. आई दोन वर्षं बोलायची. मग एकदा शेजारच्या घरात रात्री बाळंतपणाच्या कळा लवकर सुरू झाल्या, 108 ची अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी तिथे होते, कंदील आईनेच धरलेला. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

चवथीला घरी येशील ना? तेव्हा बाबांचा जन्मदाखला काढून बघ आणि त्यावर आडनाव कसं लिहिलंय ते इथे अक्षरं सुटी करून लिही, आडनाव नको असेल तर नुसतं जुळतं की नाही एवढं सांग. मग पुढचं काय करायचं ते मी लिहिते.